खोली समुपदेशकाची, दिवस इतरांचा

पत्राचा सारांश : एक वाचक भगिनी गेली सात वर्षे एका शाळेत समुपदेशक आहेत. शाळेत सुमारे अकराशे मुले आहेत आणि समुपदेशक त्या एकट्याच. गैरहजर शिक्षकांचे बदली तास, परीक्षेच्या काळातील पर्यवेक्षण, प्रवेशाच्या दिवसांतील कागदपत्रे आणि वर्गाबाहेर काढलेल्या मुलांना ‘समजावून सांगणे’ यांत त्यांचा बराचसा दिवस जातो. ज्या मुलांशी मनापासून बोलणे होते, त्यांचे पुढे काय झाले हे सहसा कळत नाही. घरी गेल्यावरही मुलांचे बोलणे डोक्यातून जात नाही, आणि अलीकडे कोणी दारावर टकटक केली की आधी वैताग येतो, याची त्यांना लाज वाटते. खासगी समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या एका मैत्रिणीने त्यांना भागीदारीसाठी बोलावले आहे. एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागातही संधी आहे. पुढील वर्षी शाळेत राहणार की नाही, हे दोन महिन्यांत कळवायचे आहे. त्या विचारतात, “हे माझे खरे काम असते, तर मला इतके रिकामे वाटले असते का?”

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा दारावरच्या टकटकीच्या वाक्यापाशी थांबले. मीही अनेक वर्षे शाळेतल्या अशाच एका खोलीत बसले आहे, आणि तो वैताग व त्यापाठोपाठ येणारी लाज, दोन्ही मला ओळखीची आहेत. त्यामुळे तुमच्या मोठ्या प्रश्नाआधी या लाजेबद्दल बोलते. क्रिस्टिना मासलाक आणि सुझन जॅक्सन या संशोधकांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात या अवस्थेच्या तीन बाजू मानल्या आहेत : भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. तुमच्या पत्रात या तिन्ही गोष्टी आहेत. म्हणजे ज्याला तुम्ही स्वभावाचा दोष समजून लपवत आहात, ते माणसांसोबत काम करणाऱ्यांमध्ये वारंवार आढळलेले आणि नीट वर्णन केलेले लक्षण आहे.

यातील आणखी एक तपशील तुमच्या निर्णयाशी थेट जोडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीबाबत २०१९ मध्ये स्पष्ट केले, की बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नसून ती नोकरीच्या संदर्भात घडणारी गोष्ट आहे, आणि तिचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळलेल्या ताणात आहे. तुमचा थकवा तुमच्या शाळेतील कामाच्या मांडणीबद्दल बरेच काही सांगत असेल. समुपदेशन हे तुमचे क्षेत्र आहे की नाही, याबद्दल मात्र त्यातून फारसे काही कळत नाही. अर्थात झोप उडाली असेल, सुट्टीतही मन उभारी धरत नसेल, किंवा कशातच रस वाटेनासा झाला असेल, तर तो वेगळा विषय होतो. तसे असल्यास राजीनाम्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना किंवा तुमच्याच क्षेत्रातील एखाद्या अनुभवी व्यक्तीला भेटा. मुलांना आपण हेच सांगतो, आणि स्वतःच्या वेळी मात्र टाळतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. “खरे काम असते तर रिकामे वाटले नसते” या वाक्यात एक गृहीतक आहे : प्रत्येकाचे एक ठरलेले काम असते, ते सापडले की मन आपोआप भरते, आणि मन भरत नसेल तर काम चुकले. हे मला पटत नाही. १९९७ मध्ये एमी रेझ्नेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, आपल्या कामाकडे कोणी केवळ पोटापाण्याचे साधन म्हणून पाहतो, कोणी पुढे चढण्याची शिडी म्हणून, तर कोणी जीवनकार्य म्हणून, असे तीन गट दिसले. आणि एकाच प्रकारचे कार्यालयीन काम करणाऱ्या छोट्या समूहातही हे तिन्ही गट जवळजवळ सारख्या संख्येने निघाले. काम तेच असूनही नाते वेगवेगळे होते. शिवाय ज्यांना आपले काम जीवनकार्य वाटते, ते थकत नाहीत असे मुळीच नाही; उलट कोणतेही जास्तीचे काम त्यांच्याच गळ्यात पडते, कारण ते नाही म्हणत नाहीत. बदली तासाला तुम्ही गेल्या सात वर्षांत किती वेळा नकार दिला, हे स्वतःला विचारून पाहा.

म्हणून मला तुमच्या एका प्रश्नाचे दोन प्रश्न करावेसे वाटतात. समुपदेशनाचे काम तुम्हाला हवे आहे का, हा एक; आणि आज तुम्ही ज्या पदावर आहात, त्या पदात ते काम कितपत उरले आहे, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर माहीत नसताना पहिल्याचे उत्तर देणे म्हणजे न चाखलेल्या पदार्थाची चव ठरवण्यासारखे आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक मोजपट्टी उपयोगी पडेल. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते, आणि समुपदेशकाच्या वेळेपैकी किमान ८० टक्के वेळ मुलांसाठीच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष सेवेत जावा असे सांगते. गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळणे, शिस्तभंगाची शिक्षा ठरवणे व परीक्षांची व्यवस्था पाहणे ही कामे समुपदेशकाकडे असू नयेत, असेही ती संघटना स्पष्टपणे म्हणते. या शिफारशी प्रत्येक देशात आणि प्रत्येक शाळेत जशाच्या तशा लागू होणार नाहीत, आणि त्या अमेरिकेतही सगळीकडे पाळल्या जात नाहीत. तरीही त्या हिशेबाने अकराशे मुलांच्या शाळेला चारहून अधिक समुपदेशक लागतील, हे लक्षात घेतले की सात वर्षे तुम्ही कशाशी झुंजत होता ते कळते. तुम्हाला अपुरेपणा जाणवतो तो तुमच्या कुवतीचा असेल, असे मला वाटत नाही; एका माणसावर टाकलेली संख्याच अवाजवी आहे.

येत्या दोन आठवड्यांसाठी एक साधी वही करा. दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहायची : काय केले, ते समुपदेशकाचे काम होते का, आणि ते संपल्यावर अंगातले बळ वाढले की घटले. मुलांची नावे किंवा त्यांच्या गोष्टी त्यात लिहू नका. ही वही तुमच्या दिवसाची आहे. तिसऱ्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथे अनेकदा अनपेक्षित काही सापडते. मी स्वतः अशी वही ठेवली, तेव्हा समोरासमोरच्या भेटींनंतर मला बळ मिळते ही माझी ठाम समजूत निम्मीच खरी ठरली. ज्या वर्ग-सत्रांना मी कंटाळवाणे म्हणत होते, त्यांतून बाहेर पडताना मी बहुतेक वेळा ताजी असे. तुमच्या वहीत बळ घटवणाऱ्या बहुतेक ओळी बदली तास आणि कागदपत्रांच्या असतील, तर तुम्ही समुपदेशनाला कंटाळलेला नाही. पण मुलांसोबतच्या मोकळ्या, निवांत भेटीनंतरही सातत्याने ‘घटले’ असेच लिहावे लागत असेल, तर तेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे, आणि ते मान्य करण्यात काहीही कमीपणा नाही.

मुलांचे पुढे काय झाले ते कळत नाही, या तुमच्या दुःखावर मला थोडे थांबायचे आहे, कारण या पेशातील रिकामेपणाचा सर्वांत मोठा भाग तिथून येतो असे माझे निरीक्षण आहे. शिक्षकाला निकाल दिसतो, प्रशिक्षकाला सामना दिसतो. समुपदेशकाचे यश बहुधा ‘न घडलेल्या’ गोष्टींमध्ये असते : शाळा न सोडलेले मूल, न वाढलेले भांडण, स्वतःला न केलेली इजा. जे घडलेच नाही ते दिसणार कसे? माझ्याकडे एक मुलगा दर आठवड्याला स्टेपलर मागायला येत असे. मी तो देई, तो ‘थँक यू’ म्हणून जाई, आणि माझ्या नोंदवहीत त्याची नोंद ‘व्यत्यय’ या शब्दाने होत असे. कित्येक आठवड्यांनंतर एके दिवशी तो स्टेपलर हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि ‘बसू का?’ असे त्याने विचारले. तोपर्यंतच्या प्रत्येक फेरीत तो दार उघडे आहे का, आणि आतली बाई वैतागते का, हे पाहत होता, असे मला आज वाटते. त्याचे पुढे काय झाले हे मलाही माहीत नाही. पण त्या नोंदी वाचल्यावर ‘खरे काम’ म्हणजे पाऊण तासाची गहन भेट आणि बाकी सगळा अडथळा, ही माझी विभागणी मोडली. शाळेतले समुपदेशन हे दवाखान्यातील उपचारांची लहान आवृत्ती नाही. मूल वेळ न ठरवता, पालकांना न सांगता, स्टेपलरचे निमित्त करून येऊ शकते, ही सोय दुसरीकडे कुठेच नाही.

तरीही सगळेच अदृश्य ठेवण्याची गरज नाही. परिणाम कळावा अशी व्यवस्था आपण स्वतः उभी करू शकतो, आणि ती बहुतेक शाळांमध्ये नसते म्हणून आपण ती गृहीतच धरत नाही. पहिल्या भेटीत मुलाला विचारावे, की शून्य ते दहा या पट्टीवर आज त्याची अडचण कुठे आहे, आणि चौथ्या-पाचव्या भेटीत तेच पुन्हा विचारावे. सहा आठवड्यांनी वर्गशिक्षकांकडून एवढेच जाणून घ्यावे, की वर्गातील वागण्यात काही फरक दिसतो का. आतले कारण त्यांना सांगायचे नाही. गोपनीयता सांभाळून हजेरीच्या नोंदी पाहाव्यात. वर्षाअखेरीस मुलांकडून बिननावाच्या तीन-चार प्रश्नांची चिठ्ठी घ्यावी. यातून काही निष्कर्ष निघतील, काही निघणार नाहीत, पण “आपल्या हातून काही होते का?” या प्रश्नाचे उत्तर केवळ मनःस्थितीवर अवलंबून राहणार नाही.

घरीही मुलांचे बोलणे डोक्यातून जात नाही, असे तुम्ही लिहिता, आणि सात वर्षांत तुम्ही एखाद्या वरिष्ठ समुपदेशकाशी आपल्या कामाविषयी नियमित बोललात, असा उल्लेख पत्रात कुठेच नाही. पर्यवेक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षेच्या वर्गातील येरझाऱ्या येतात. मी म्हणते ते पर्यवेक्षण वेगळे आहे. समुपदेशकाने ठरावीक अंतराने जाणत्या व्यक्तीसमोर आपले काम मांडायचे, कुठे अडलो, कुठे मुलाची गोष्ट आपल्या जखमेला लागली, कुठे वेळेवर पुढे पाठवायला हवे होते, हे तपासायचे. जिथे हा पेशा नीट रुजला आहे, तिथे ही चैन समजली जात नाही, ती कामाचाच भाग असते. शाळा अशी सोय करत नसेल, तर आसपासच्या तीन-चार शाळांतील समुपदेशकांनी महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसावे. मुलांची ओळख पटेल असे काहीही न सांगता अडचणी मांडाव्यात. माझ्या मते तुमच्या यादीतील कोणत्याही बदलाआधी हे करायला हवे, कारण ओझे उतरवायची जागा नसेल तर मैत्रिणीच्या केंद्रातही ते ओझे तुमच्यासोबत येईल.

त्यानंतर, वहीची दोन आठवड्यांची पाने हाताशी घेऊन, मुख्याध्यापकांची वेळ मागा. तक्रारीचा सूर नको आणि आभाराचाही नको. आकडे समोर ठेवा. आठवड्यातील इतक्या तासांपैकी इतके तास मुलांसाठी मिळाले आणि इतके अन्य कामांत गेले, एवढे सांगितले तरी पुष्कळ काही उमगते, कारण समुपदेशकाचा दिवस कसा जातो हे शाळेतील फार थोड्या लोकांना खरोखर माहीत असते. मागण्या दोनच ठेवा, आणि त्या पाळता येतील इतक्या नेमक्या असू द्या. दिवसातील दोन तास असे ठरवून घ्या, ज्यांत तुम्हाला बदली तासाला पाठवले जाणार नाही. आणि रागाच्या भरात वर्गाबाहेर काढलेले मूल तडक तुमच्याकडे येणार नाही. शिस्तीचा प्रश्न शिस्तीच्या मार्गाने सुटल्यावर, मुलाची इच्छा असेल तर, तुम्ही त्याला भेटाल. ही दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या दारातून मूल शिक्षेसाठी आत येते, त्याच दारातून दुसरे मूल विश्वासाने येणार नाही, आणि ही गोष्ट समुपदेशकाने स्वतः सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. उत्तर काय मिळते, त्याइतकेच ते कसे मिळते हेही पाहा. “या वर्षी एक तास देऊ, पुढच्या सत्रात पुन्हा बोलू” असे म्हणणारी शाळा आणि “सगळेच करतात, तुम्हीही करा” म्हणणारी शाळा, या दोन्हींत तुमचे पुढील पाच वर्षांचे चित्र सारखे नसेल.

आता बाहेरच्या वाटा. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले, आणि त्यांची पद्धत आजही आपण मोठ्या वर्गांतील मुलांना शिकवतो : आधी स्वतःला जाणा, मग कामांची खरी माहिती घ्या, मग दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. तुमच्या पत्रात पहिला टप्पा घाईने झाला आहे, तिसरा चालू आहे, आणि दुसरा जवळजवळ नाहीच. मैत्रिणीच्या केंद्राबद्दल तुम्ही “तिथे निदान मनासारखे काम करता येईल” एवढेच लिहिले आहे. तिला विचारा : महिन्यात किती भेटी ठरतात आणि किती रद्द होतात, संध्याकाळ व सुट्टीचे दिवस किती जातात, सुरुवातीच्या काळात उत्पन्न किती अनियमित होते, गंभीर लक्षणे असलेले मूल आले तर ती कोणाकडे पाठवते, आणि तुमच्या शिक्षणावर ते काम करण्याची कायदेशीर परवानगी व पुरेशी तयारी आहे का. खासगी केंद्रात खोली मिळते, सलग काम मिळते, एका मुलाचा प्रवास शेवटपर्यंत पाहायला मिळतो, आणि तुमची तहान नेमकी याचीच असेल तर ती वाट चांगली आहे. पण तिथे मूल तेव्हाच येते, जेव्हा पालकांना अडचण दिसते, ती मान्य होते आणि शुल्क परवडते. स्टेपलर मागणारा मुलगा तिथे येत नाही. हे गमावणे तुम्हाला चालेल का, ते तुम्हीच सांगू शकाल. शक्य असेल तर आणि शाळेचा नियम आड येत नसेल तर, तीन महिने आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे काम करून पाहा. मात्र आपल्या शाळेतील मुले तिथे कधीही घेऊ नका.

कंपनीतील संधीबद्दल मी थोडक्यात सांगते. कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याचे कौशल्य तिथे नक्की उपयोगी पडेल, पण मनुष्यबळ विभाग हा शेवटी संस्थेचा विभाग असतो, आणि ऐकलेली गोष्ट कोणापर्यंत जाते याचे नियम समुपदेशकाच्या खोलीपेक्षा वेगळे असतात. स्वीकारण्यापूर्वी हे स्पष्ट विचारून घ्या. केवळ दमल्यामुळे ही नोकरी घेत असाल, तर आधी पुरेशी रजा घ्या आणि मग पुन्हा विचार करा.

तुमच्या यादीत नसलेल्या काही वाटाही आहेत. समुपदेशकांचा संघ असलेली दुसरी शाळा, केवळ व्यवसाय मार्गदर्शनाचे काम, विशेष गरजा असलेल्या मुलांसोबतचे काम, शिक्षकांचे प्रशिक्षण, नव्या समुपदेशकांचे पर्यवेक्षण. सात वर्षे एकटीने अकराशे मुलांची शाळा सांभाळलेल्या व्यक्तीकडून नवख्या समुपदेशकांना शिकण्यासारखे किती असेल, याची तुम्हाला कल्पना नसावी.

दोन महिने संपताना, शून्य ते दहाचा तोच प्रश्न स्वतःला विचारा. समजा, शाळेत राहण्याबद्दल तुमचे उत्तर चार आले. मग मुलांना विचारता तसे पुढे विचारा : चारच का, दोन का नाही? ते चार कशामुळे टिकून आहेत? आणि पाच होण्यासाठी नेमके काय बदलायला हवे, ते बदलणे कोणाच्या हातात आहे? ज्या गोष्टी तुमच्या हातात होत्या त्या करून झाल्या, ज्या शाळेच्या हातात होत्या त्यांची उत्तरे मिळाली, आणि आकडा तरीही खालीच राहिला, तर शाळा सोडा. त्यात मुलांशी द्रोह नाही. वैतागलेल्या मनाने दार उघडत राहण्यापेक्षा, ते दार मोकळ्या मनाने उघडणारे कोणी तिथे आलेले मुलांसाठी बरे.

सोडायचे ठरले, तर जाण्याची तयारी आधीपासून करा. नियमित भेटणाऱ्या प्रत्येक मुलाला निदान चार-पाच आठवडे अगोदर स्वतः सांगा. दुसऱ्यांकडून कळू देऊ नका आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, कारण काही मुलांच्या आयुष्यात मोठी माणसे न सांगताच निघून गेलेली असतात. उरलेल्या भेटींत काय करायचे ते त्यांनाच विचारा. ज्यांना पुढेही मदत लागेल त्यांच्या नोंदी, त्यांच्या संमतीने, नव्या समुपदेशकाच्या हाती द्या, आणि जमल्यास एक भेट तिघांची ठेवा. नवी व्यक्ती नेमली गेली नसेल, तर प्रत्येक मुलाशी बोलून शाळेतील असा एक शिक्षक ठरवा, ज्याच्याकडे ते मूल काही ना काही निमित्ताने जाऊ शकेल. आणि त्या शिक्षकांनाही सांगून ठेवा, की कोणी स्टेपलर मागायला आले तर तो देताना मान वर करून त्याच्याकडे पाहावे.